सोयाबीनपेक्षा चार सेंटीमीटर जास्त

गेल्या वर्षी गुलमर्गहून परतले तेव्हा उजवा गुडघा इतका धरला होता की जालन्याच्या स्टेशनवर जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरावी लागली. चार दिवस स्नोबोर्ड, म्हणजे बर्फावरून घसरत जायची फळी, भाड्यानं घेतला होता. दुकानदारानं बुटाचा नंबर विचारला, रांगेतला एक बोर्ड काढून हातात दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. बोर्डावर पाय अडकवायचे ते बाइंडिंग कुणाच्या मापानं लावलंय, कुठला पाय पुढे धरून लावलंय, हे त्यानं सांगितलं नाही. मलाही विचारायचं सुचलं नाही, कारण त्यात विचारण्यासारखं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. चार दिवस मी पडले, उठले, पुन्हा पडले आणि आपल्याला हे जमणारं नाही असं मनाशी धरून घरी आले.

दुखणं उतरल्यावर मात्र बर्फाची ओढ काही गेली नाही. वाचायला लागले. वाचता वाचता कळलं की त्या बोर्डावर माझे पाय होते, पण त्या बोर्डावरची उभं राहण्याची पद्धत दुसऱ्याच कुणाची होती. यंदा दिवाळीनंतर पुण्यातल्या एका ओळखीच्यांकडून १४७ सेंटीमीटरचा जुना बोर्ड घेतला, त्यासोबत सुटं काढलेलं बाइंडिंग. बूट तेवढे नवे घेतले, कारण बूट दुसऱ्याच्या पायाला सरावलेले असले तर बाकी सगळं बरोबर करूनही उपयोग नाही. ठरवलं की या वेळी एकेक स्क्रू माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या हातानं बसेल.

जालन्यात हे काम करून देणारं दुकान असण्याचा प्रश्नच नव्हता. पण मंठा रोडला मामाचं वर्कशॉप आहे. पेरणीयंत्रं, रोटाव्हेटर, वखर दुरुस्त करतो. बर्फ त्यानं आयुष्यात उसाच्या रसात टाकतात तेवढाच पाहिलाय, पण नटबोल्टाची भाषा त्याच्याइतकी चांगली जाणणारा माणूस माझ्या नात्यात दुसरा नाही. एका रविवारी सकाळी बोर्ड गोधडीत गुंडाळून रिक्षानं तिकडे गेले.

मामानं आधी बोर्ड दोन्ही हातांनी उचलून वजन पाहिलं, मग उलटा करून खालच्या गुळगुळीत बाजूवरून तळवा फिरवला. कडेला लावलेली पोलादी पट्टी नखानं वाजवली. वरच्या बाजूला पितळी रंगाची आटे पाडलेली भोकं दोन गटांत होती. मामानं पट्टी लावून मोजलं. भोकांच्या दोन ओळी एकमेकींपासून ४ सेंटीमीटरवर आणि ओळीतली भोकं दर २ सेंटीमीटरवर. "हे त पेरणीयंत्राच्या दांडीवाणी हाये," तो म्हणाला. "फण कुठंबी सरकावता यावा म्हणून भोकं पाडलेत."

तेच होतं. बाइंडिंग म्हणजे बुटाखाली येणारी प्लास्टिकची बैठक, टाचेला धरणारी कमान, पोटरीमागे उभी राहणारी पाठ आणि दोन पट्टे. बैठकीच्या मध्यभागी मोठं गोल भोक असतं. त्यात एक दातेरी चकती बसते आणि चकतीतून चार स्क्रू बोर्डात जातात. स्क्रू सैल केले की बैठक चकतीभोवती फिरते, आवळले की दात दातात बसून ती जिथल्या तिथं थांबते. एक दात म्हणजे ३ अंश. दोन बाइंडिंगचे मिळून आठ स्क्रू. पिशवीत निघाले सहा.

खरी अडचण इथून सुरू झाली आणि अख्खा रविवार त्यातच गेला. स्क्रू ६ मिलिमीटरचा, आटा १ मिलिमीटरचा, ही हार्डवेअरच्या दुकानात कुठंही मिळणारी गोष्ट. पण डोकं? बाइंडिंगच्या स्क्रूचं डोकं रुंद, चपटं आणि खालून सपाट असतं, म्हणजे दाब चकतीवर पसरून पडतो. दुकानात मिळत होते ते खालून निमुळत्या डोक्याचे. तसला स्क्रू प्लास्टिकच्या भोकात पाचरीसारखा शिरतो आणि चकती चिरते. मामानं नमुन्याचा जुना स्क्रू खिशात टाकला आणि आम्ही चार दुकानं फिरलो. चौथ्या दुकानात सपाट डोक्याचे स्टेनलेस स्टीलचे मिळाले, पण लांबी २० मिलिमीटर. आमचे जुने १६ चे.

चार मिलिमीटरनं काय होतंय, असं दुकानदार म्हणाला. मामा तिथं काही बोलला नाही. वर्कशॉपवर आल्यावर त्यानं झाडूची एक काडी बोर्डातल्या भोकात तळाला टेकेपर्यंत घातली, नखानं खूण धरली आणि मोजली. ८ मिलिमीटर. मग वॉशरसकट चकतीची जाडी, ती ९. म्हणजे १६ चा स्क्रू ७ मिलिमीटर आत जाणार आणि तळाला एक मिलिमीटर मोकळा राहणार. २० चा घातला तर चकती घट्ट दाबली जाण्याआधीच तो तळाला टेकेल. हाताला वाटेल पक्का आवळला, पण चकती सैलच राहील. वर आणखी जोर लावला तर खालचा थर फुगून बोर्डाच्या तळाला टेंगूळ येईल. वाचून मला नियम माहीत होता, त्याचं कारण मात्र त्या झाडूच्या काडीनं दाखवलं. मामानं दोन्ही स्क्रूंवर आधी एकेक नट चढवला, मग करवतीनं कापून टोक कानशीनं घासलं आणि नट उलटा फिरवून काढला. नट बाहेर येताना कापलेला आटा साफ करत येतो. बोटानं फिरवून पाहिलं तर दोन्ही स्क्रू शेवटपर्यंत सरळ गेले.

पेचकसाचंही सांगायला हवं. घरात असतो तो फुलीचा पेचकस बहुतेक दोन नंबरचा असतो. या स्क्रूंना तीन नंबरचा लागतो. दोन नंबरचा बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की घसरतो आणि दोन-तीनदा घसरला की फुलीचा खड्डाच गोल होतो. मग बर्फात उभं राहून तो स्क्रू कुणीही काढू शकत नाही.

आता पायांचं. स्नोबोर्डवर आपण आडवे उभे राहतो, म्हणून कुठला पाय पुढे हे पहिलं ठरवावं लागतं. डावा पुढे असला तर त्याला रेग्युलर म्हणतात, उजवा पुढे असला तर गूफी. हे शब्द समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन जाणाऱ्यांकडून आलेत. यात चांगलं-वाईट काही नाही आणि लिहायच्या हाताशीही याचा संबंध जुळतोच असं नाही. घरी आईनं स्वयंपाकघराची शहाबादी फरशी पुसली होती. ओल्या फरशीवर मोजे घालून मी पाय जुळवून उभी राहिले आणि धाकट्या भावाला सांगितलं की मला कळू न देता मागून हलकंच ढकल. पाच वेळा ढकललं. पाचही वेळा तोल सावरायला उजवा पाय पुढे घसरला.

मी तिथंच फरशीवर बसले. गेल्या वर्षीचे चार दिवस मी डावा पाय पुढे ठेवून शिकत होते. बोर्ड तसा लावलेला होता, म्हणून. माझं शरीर प्रत्येक उतारावर वळून उजवा पाय पुढे आणू पाहत होतं आणि मी त्यालाच चूक समजून दर वेळी परत फिरवत होते. शिकवणारा म्हणायचा, खांदे सरळ ठेवा. खांदे सरळ होते, फक्त माझ्या दिशेनं.

त्यानंतरची मोजमापं मी घाई न करता केली. ओल्या पायांनी जागच्या जागी दोन-तीन उड्या मारल्या आणि उतरले तशी न हलता थांबले. भावानं फरशीवर दोन्ही पावलांभोवती खडूनं रेघ मारली. कंपासपेटीतला कोनमापक ठेवून पाहिलं तर उजवं पाऊल सुमारे १४ अंश बाहेर वळलेलं, डावं ७ च्या आसपास. ३ अंशांच्या दातांत बसवायचं म्हणून पुढचं अधिक १५ आणि मागचं उणे ६ ठरवलं. बोर्डाच्या पुढच्या टोकाकडे वळलेला कोन अधिक, मागच्या टोकाकडे वळलेला उणे. भाड्याच्या बोर्डावर दोन्ही पाय पुढे वळवलेले होते, हे जुन्या फोटोत आता ओळखता आलं. तशी ठेवण खोल वळणं घेणारे तयारीचे लोक मुद्दाम वापरतात, पण माझा मागचा गुडघा चार दिवस आत पिळून उभा होता.

दोन पायांतलं अंतर हा दुसरा भाग. बोर्डावर कारखान्यानं सुचवलेली जागा आखलेली असते. माझ्या बोर्डावर ती ५३ सेंटीमीटरची होती. त्या मापावर फरशीवर उभी राहून गुडघे वाकवले, तर गुडघे पावलांच्या आत झुकायला लागले. थोडं थोडं जवळ घेत गेले. ४९ वर गुडघा बरोबर अंगठ्यावर आला आणि खाली बसताना मांड्यांना ताण राहिला नाही. माझी उंची १५८ आहे. भाड्याच्या बोर्डावर हे अंतर किती होतं ते मोजलं नव्हतं, पण खूप जास्त होतं एवढं मांड्यांना आठवत होतं.

मामाला आकडा सांगितला तर तो लगेच म्हणाला, "म्हंजे आपल्या सोयाबीनपेक्षा चार सेंटीमीटर जास्त." सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटीमीटर ठेवतात. पेरणीयंत्राचं ते माप त्याच्या हातात बसलेलं आहे. त्यानं पट्टी न लावता दोन बोटं भोकांवर ठेवली, ती अर्ध्या सेंटीमीटरनंच चुकली.

५३ चे ४९ करताना पुढचं बाइंडिंग एक भोक मागे आणि मागचं एक भोक पुढे घ्यावं लागतं. दोन्हीकडून दोन-दोन. एकच बाजू सरकवली तर नुसतं अंतर कमी होत नाही, आपण बोर्डाच्या ठरलेल्या मध्यापासूनही हलतो. बऱ्याच बोर्डांवर उभं राहायची जागा मुळातच थोडी मागे ठेवलेली असते, माझ्या बोर्डावरही होती, आणि ती बिघडवायचं मला काही कारण नव्हतं.

चकतीतली भोकं लांबट असतात. ती बोर्डाच्या लांबीच्या दिशेला ठेवली तर पायांतलं अंतर बारीक हलवता येतं. आडवी ठेवली तर बूट बोटांकडे किंवा टाचेकडे सरकवता येतो. मी आडवी ठेवली. अंतर जमलेलंच होतं आणि बूट मधोमध बसणं मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं. वळताना आपण एकदा बोटांकडच्या कडेवर असतो, एकदा टाचेकडच्या. बूट एका बाजूला जास्त बाहेर आला तर ती कडा लवकर बर्फात रुतते, दुसरी जड लागते आणि फारच बाहेर असला तर बूटच बर्फात घासून आपल्याला पाडतो. बूट घालून, पट्टे आवळून, बोर्ड आडवा धरून मामानं गुण्या लावला. टाचेकडे २ सेंटीमीटर बाहेर, बोटांकडे काहीच नाही. स्क्रू सैल करून बैठक पुढे सरकवली, परत मोजलं. तिसऱ्या खेपेला दोन्हीकडे एकेक सेंटीमीटर आलं.

आवळताना मामानं मला पेचकस दिला आणि स्वतः बाजूला उभा राहिला. एक स्क्रू पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जायचं नाही. चारही आधी बोटांनी बसवायचे, मग समोरासमोरचे, थोडे थोडे. ट्रॅक्टरच्या चाकाचे नट असेच आवळतात. मध्ये एकदा त्यानं हात धरून थांबवलं, कारण चकती एका बाजूला केसभर वर दिसत होती. दात दातावर बसले होते, खाचेत गेले नव्हते. तसंच आवळलं असतं तर पहिल्या जोरात बैठक कट्कन एक घर फिरली असती. सैल करून, चकती अंगठ्यांनी दाबून, बैठक किंचित हलवली. दात खाली बसल्याचा आवाज आला, मग पुढे आवळलं.

शेवटी मामानं फळीवरून निळ्या द्रवाची बाटली काढली, नट ढिले होऊ नयेत म्हणून लावतात ती. हे मात्र मला माहीत होतं आणि मी थांबवलं. तो द्रव लोखंडाला चांगला, पण काही प्लास्टिकांना तडे पाडतो, आणि चकती प्लास्टिकची होती. मामानं बाटली परत ठेवली. त्याऐवजी पांढऱ्या पेंट मार्करनं प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून चकतीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. "रेघ तुटली का समजायचं, हलला."

पट्ट्यांना वेळ लागला नाही. घोट्यावरचा पट्टा बुटाच्या मधोमध, पुढचा बोटांच्या टोकावर टोपीसारखा, दोन्ही बाजूंनी दातेरी पट्टी सारखी उरेल असा. पट्टा एकेक दात पुढे ओढणारं रॅचेट पाहून मामा खूश झाला. "हे त फ्रीव्हीलमधलं कुत्रं!" पोटरीमागची पाठ टाचेकडच्या कडेला समांतर फिरवली आणि पुढचा कल शून्यावर ठेवला.

संध्याकाळी घरी दोन गाद्या अंगणात टाकून त्यावर बोर्ड ठेवला आणि पाय अडकवून उभी राहिले. आई ओट्यावर बसून बघत होती. खूप वेळानं तिनं विचारलं, "पडली तं पाय सुटंल का यातून?"

सुटत नाही, आणि हे मी तिच्यापासून लपवलं नाही. स्कीच्या बाइंडिंगला स्प्रिंग असते, ठरावीक जोर आला की बूट निसटतो. कारण तिथं दोन पायांना दोन लांब पट्ट्या असतात आणि एक अडकली की तो एकटा पाय पिळवटतो. इथं दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले. उलट पडताना एक सुटून दुसरा अडकला तर त्या एका पायावर सगळा पीळ येईल. म्हणून दोन्ही धरूनच ठेवतात. पडणारा माणूस हात टेकतो आणि मनगटाला इजा होण्याची भीती जास्त असते, म्हणून मी मनगटाचे आधार घेतले होते. तेही तिला दाखवले. १९६५ मध्ये अमेरिकेत शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की जोडून अशी पहिली फळी केली, तिला बाइंडिंग नव्हतंच, पुढच्या टोकाला धरायला दोरी आली, एवढंच. पाय बांधणं नंतर आलं. हे सगळं ऐकून आई म्हणाली, "बांधायचेच असतील तं नीट बांध." मग उठून तिनं स्वतः दोन्ही पट्टे ओढून पाहिले.

जानेवारीत सचखंड एक्स्प्रेसनं पंजाबपर्यंत, तिथून जम्मू, पुढे श्रीनगर. बोर्ड पूर्ण प्रवासात खालच्या बर्थखाली गोधडीत होता.

गुलमर्गचं कुरण २,६५० मीटरवर आहे. गंडोला, म्हणजे तारेवरून जाणारी केबल कार, तिथून कोंगडोरीच्या मधल्या थांब्याला आणि पुढे अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत जाते, पण मी पहिले दोन दिवस खालच्या सोप्या उतारावरच काढले. पहिल्याच घसरणीत उजवा पाय पुढे होता आणि मला वळायचं आहे असं मनात येताच बोर्ड वळायला लागला. मी पडले नाही असं नाही. पण उठताना दर वेळी कळत होतं की का पडले. गेल्या वर्षी ते एकदाही कळलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीनंतर बाजूला जाऊन बोर्ड उलटा-सुलटा केला, बर्फ झटकला आणि रेघा पाहिल्या. सात जुळलेल्या. आठवी, मागच्या बाइंडिंगची, नखभर सरकलेली. कापून घेतलेल्या दोनपैकी नव्हता तो, मूळचाच होता. तसाही दुपारपासून मागचा गुडघा किंचित आत ओढल्यासारखा वाटत होता, दुखत नव्हता, नुसता जाणवत होता. गेल्या वर्षी ही जाणीव मी दुर्लक्षून पुढे रेटली असती. आता हातमोजे काढले. मागचे चारही स्क्रू सैल केले, बैठक एक दात फिरवून उणे ६ ची उणे ९ केली, चकती अंगठ्यांनी दाबून दात बसल्याचा आवाज ऐकला आणि समोरासमोरचे थोडे थोडे आवळत नेले. बोटं इतकी गारठली की शेवटच्या स्क्रूला पेचकस दोन्ही तळव्यांत धरून फिरवावा लागला.

मग खिशातून मामाचा मार्कर काढला. शाई गारठ्यानं उतरेना, म्हणून तो बराच वेळ काखेत धरून ठेवला. मामाच्या रेघा एकजात सरळ होत्या. माझ्या चार थोड्या वाकड्या आल्या, पण डोक्यापासून चकतीपर्यंत अखंड होत्या. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले, हातमोजे घातले आणि बोर्ड काखेत मारून पुन्हा वर चढायला लागले.